शोधनिबंध : लेखन व प्रकाशन

एखाद्या ज्ञानशाखेतील नेमक्या प्रश्नाविषयी स्वतंत्रपणे केलेल्या अभ्यासाचे फलित, त्यामागील पुरावा व तो मिळविण्याची रीत यांसह मांडणारा आणि त्या शाखेच्या नियतकालिकातून प्रसिद्ध होणारा मर्यादित लांबीचा लेख म्हणजे शोधनिबंध. विद्यापीठीय पदवीसाठी लिहिलेल्या प्रबंधाहून तो निराळा होय. प्रबंधात लेखकाला विषयावरील आपला अधिकार सिद्ध करून दाखवावयाचा असतो, म्हणून त्यात ज्ञात गोष्टींचा विस्तार क्षम्य ठरतो. शोधनिबंधात जे नवे असेल तेवढेच सांगावयाचे असते. संपादकाकडे धाडलेल्या परंतु अद्याप न छापलेल्या प्रतीस ‘हस्तलिखित’ म्हणण्याचा प्रघात लेख संगणकावर लिहिले जाऊ लागल्यानंतरही टिकून आहे. प्रस्तुत नोंदीत असे हस्तलिखित तयार करणे, योग्य नियतकालिकाकडे ते पाठविणे आणि त्याचे परीक्षण यांचा विचार केला असून उदाहरणे मुख्यतः पुणे शहरातील संशोधनपरंपरेतून घेतली आहेत.

विद्वानांनी परस्परांस लिहिलेली पत्रे हा शोधनिबंधाचा पूर्वज. १६६५ साली पॅरिस येथे झुर्नाल दे सॅव्हां व लंडन येथे फिलॉसॉफिकल ट्रॅन्झॅक्शन्स ही नियतकालिके निघाली आणि खाजगी पत्रव्यवहाराला सार्वजनिक रूप आले. लेख छापण्यापूर्वी त्या विषयाच्या जाणकारांकडून लेखी अभिप्राय मागविण्याची पद्धत लंडनच्या रॉयल सोसायटीत १८३० नंतरच्या दशकात रुळली. तिचा सार्वत्रिक प्रसार मात्र विसाव्या शतकाच्या उत्तरार्धातच झाला. त्यापूर्वी बहुतेक ठिकाणी संपादकाचा स्वतःचा निर्णय हाच अखेरचा असे.

पुण्यात संशोधनपर नियतकालिकांची परंपरा संस्थांच्या आश्रयाने वाढली. वि. का. राजवाडे व खंडेराव चिंतामण मेहेंदळे यांनी १९१० मध्ये स्थापन केलेल्या भारत इतिहास संशोधक मंडळाने आपली इतिवृत्ते, संमेलनवृत्ते व पुढे त्रैमासिक यांतून कागदपत्रे आणि टिपणे मराठीत प्रसिद्ध केली. भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराचे (स्थापना १९१७) ॲनल्स हे नियतकालिक १९१९ पासून निघू लागले. डेक्कन कॉलेजच्या संशोधन संस्थेचे बुलेटिन (१९३९), गोखले अर्थशास्त्र संस्थेचे अर्थविज्ञान (१९५९) आणि प्रागितिहासाच्या अभ्यासकांचे मॅन अँड एन्व्हायर्न्‌मेंट (१९७७) ही यांपैकी आणखी काही होत. महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीचे संपादक वि. सी. सुखठणकर यांनी आपली पाठनिश्चितीची तत्त्वे केवळ आवृत्तीच्या प्रस्तावनेत सांगून न थांबता नियतकालिकांतील लेखमालेतून चर्चेस ठेवली आणि रूबेन या जर्मन पंडिताच्या आक्षेपांना ॲनल्समधूनच सविस्तर उत्तर दिले. आवृत्तीचे काम चालू असतानाच तिच्या पद्धतीची अशी जाहीर तपासणी होऊ शकली, ती नियतकालिक हाताशी असल्यामुळे.

हस्तलिखित लिहावयास घेण्यापूर्वीच ते कोणत्या नियतकालिकाकडे जाणार हे ठरलेले असावे. नवखे लेखक या प्रश्नाचा विचार शेवटी करतात. पण निबंधाची लांबी, परिभाषा, किती गोष्टी वाचकास ठाऊक आहेत असे धरून चालावयाचे हे सारे त्यावरच अवलंबून असते. नियतकालिकाची निवड म्हणजे आपला दावा कोणाकडून तपासून घ्यावयाचा याची निवड होय. दामोदर धर्मानंद कोसंबी (१९०७–६६) यांच्या तीन निबंधांची कथा या दृष्टीने उद्‌बोधक आहे.

कोसंबी पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात गणिताचे अध्यापक असताना त्यांनी गुणसूत्रावरील जनुकांमधील अंतर पुनःसंयोगाच्या प्रमाणावरून काढण्याचे एक सूत्र मांडले. हा अवघ्या काही पृष्ठांचा निबंध ॲनल्स ऑफ युजेनिक्स या इंग्लंडमधील नियतकालिकात १९४३-४४ च्या सुमारास प्रसिद्ध झाला. आनुवंशिकी व सांख्यिकी या दोहोंचे जाणकार ते नियतकालिक वाचीत. सूत्र तत्काळ योग्य हातांत पडले आणि जनुकीय नकाशे तयार करताना ‘कोसंबी फलन’ म्हणून ते आजही वापरले जाते. त्याच सुमारास, १९४३ मध्ये, त्यांचा फलन-अवकाशातील सांख्यिकीविषयीचा निबंध जर्नल ऑफ द इंडियन मॅथेमॅटिकल सोसायटी मध्ये आला. यदृच्छ प्रक्रियांचे परस्परलंब घटकांत विघटन करण्याची जी रीत पुढे कारहुनेन व लोएव्ह यांच्या नावांनी जगभर ओळखली गेली, तिचे मूळ त्यात होते. निबंध योग्य होता, नियतकालिकही प्रतिष्ठित होते. परंतु महायुद्धाच्या त्या वर्षांत या विषयावर काम करणाऱ्या युरोपीय अभ्यासकांपर्यंत तो पोहोचला नाही आणि श्रेयाचा मोठा भाग इतरांकडे गेला.

तिसरा निबंध १९५९ चा. कोसंबी तेव्हा मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत होते व पुण्याहून डेक्कन क्वीनने जा-ये करीत. गणितातील अत्यंत अवघड प्रश्नांपैकी एक असलेली रीमान परिकल्पना संभाव्यताशास्त्राच्या साहाय्याने सिद्ध करता येते, असा त्यांचा दावा होता. तो त्यांनी प्रसिद्ध केला जर्नल ऑफ द इंडियन सोसायटी ऑफ ॲग्रिकल्चरल स्टॅटिस्टिक्स मध्ये, म्हणजे शेतीविषयक सांख्यिकीच्या नियतकालिकात. संख्या-सिद्धांतातील सिद्धता पारखून घेणारे परीक्षक तेथे असण्याचा संभव फारसा नव्हता. दावा गणितज्ञांनी मान्य केला नाही आणि कोसंबींच्या गणिती लौकिकास धक्का बसला. १९६२ नंतर संस्थेतील त्यांची नेमणूक पुढे चालू राहिली नाही. त्यास इतरही कारणे होती, तथापि या निबंधाचा उल्लेख त्या संदर्भात नेहमी होतो. दावा चुकीचा असणे हा संशोधनात गुन्हा नव्हे. योग्य परीक्षकाने छापण्यापूर्वीच उणीव दाखविली असती, तर ती लेखक व संपादक यांच्या पत्रव्यवहारातच राहिली असती. कठोर परीक्षण टाळण्यात लेखकाचीच हानी अधिक असते, हे इतक्या स्पष्टपणे दाखविणारे दुसरे उदाहरण मराठी विद्वानांच्या चरित्रांत क्वचितच सापडेल.

नियतकालिकाच्या निवडीत अलीकडच्या काळात फसवणुकीचाही धोका उत्पन्न झाला आहे. अध्यापकांच्या नेमणुका व बढत्या प्रसिद्ध निबंधांच्या संख्येशी जोडल्या गेल्या आणि २००९ च्या नियमांनुसार पीएच्‌. डी. चा प्रबंध सादर करण्यापूर्वी एक निबंध प्रसिद्ध होणे आवश्यक ठरले. त्यामुळे पैसे घेऊन वाटेल ते छापणाऱ्या लुबाडू नियतकालिकांचे पीक आले. विद्यापीठ अनुदान आयोगाने मान्यताप्राप्त नियतकालिकांची यादी केली, पण तीतही ती शिरली. पुणे विद्यापीठातील भूषण पटवर्धन, शुभदा नगरकर व त्यांचे सहकारी यांनी या यादीतील विद्यापीठांच्या शिफारशींवरून आलेल्या ५,६९९ नियतकालिकांपैकी १,३३६ यदृच्छया निवडली. आंतरराष्ट्रीय सूचींत असलेली ३२७ वगळून उरलेल्या १,००९ ची तपासणी केली. त्यांपैकी सु. ३४·५ टक्के नियतकालिकांचा पत्ता, संकेतस्थळ वा संपादकांची नावे यांसारखी मूलभूत माहितीच चुकीची होती किंवा मिळत नव्हती; आणखी ५२·३ टक्क्यांनी खोटा प्रमाणक्रमांक किंवा खोटा प्रभावांक देण्यासारखे प्रकार केले होते, अथवा त्यांच्या संपादकांची पात्रता शंकास्पद होती. हे निष्कर्ष मार्च २०१८ मध्ये करंट सायन्स मध्ये आले. त्याच वर्षीच्या मे महिन्यात आयोगाने ४,३०५ नियतकालिके यादीतून काढून टाकली. पुढे ‘केअर’ या नावाची नवी यादी पुणे विद्यापीठातील कक्षाच्या साहाय्याने तयार होऊन २०१९ मध्ये जाहीर झाली. फेब्रुवारी २०२५ मध्ये आयोगाने तीही बंद केली व निवडीचे निकष सुचवून निर्णय विद्यापीठे आणि अध्यापक यांवर सोपविला. प्रबंधापूर्वी निबंध प्रसिद्ध करण्याची सक्ती २०२२ च्या नियमांत राहिलेली नाही.

यादी नसताना लेखकाने नियतकालिक पारखावे कसे? त्याचे मागील दोन-तीन अंक प्रत्यक्ष वाचणे हा सर्वांत खात्रीचा उपाय आहे. आपण ज्यांचे लेखन आधारासाठी घेतले ते अभ्यासक तेथे लिहितात काय, संपादक मंडळातील व्यक्तींना आपले नाव तेथे असल्याचे ठाऊक आहे काय, हे पाहावे. निबंध मागविणारे स्तुतिपर पत्र आपण होऊन येणे, चार-आठ दिवसांत स्वीकृती मिळणे आणि तीपाठोपाठ शुल्काची मागणी होणे ही वाईट लक्षणे होत. केवळ शुल्क घेतले जाते म्हणून मात्र नियतकालिक खोटे ठरत नाही. वाचकांस विनामूल्य उपलब्ध असणारी अनेक उत्तम नियतकालिके प्रकाशनाचा खर्च लेखकाकडून वा त्याच्या संस्थेकडून घेतात.

हस्तलिखिताची रचना शाखेनुसार बदलते. प्रायोगिक विज्ञानांत प्रास्ताविक, साधने व पद्धती, निष्पत्ती आणि चर्चा असा क्रम विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात जवळजवळ सार्वत्रिक झाला. यांतील पद्धतीचा भाग लेखक उरकून टाकतात. वस्तुतः दुसऱ्या प्रयोगशाळेत तोच प्रयोग करून पाहता यावा इतका तपशील त्यात असणे आवश्यक असते. निष्पत्ती सांगताना तिचा अर्थ लावू नये. तो चर्चेत लावावा. सारांश शेवटी लिहावा, पण तो सर्वप्रथम आणि अनेकदा तेवढाच वाचला जातो याचे भान ठेवून लिहावा. प्रश्न, रीत, मुख्य निष्पत्ती व तिची मर्यादा एवढे दीडशे ते अडीचशे शब्दांत आले पाहिजे. ‘एक अभ्यास’, ‘एक दृष्टिक्षेप’ अशी शेपटे लावलेली शीर्षके काहीच सांगत नाहीत.

इतिहास, भाषा, प्राच्यविद्या या क्षेत्रांत असा ठरीव साचा नाही, पण तत्त्व तेच असते : वाचकाला पुराव्यापर्यंत स्वतः जाता आले पाहिजे. शिवाजी महाराजांच्या जन्मतिथीचा वाद याची साक्ष देतो. लोकमान्य टिळकांनी १९०० मध्ये केसरीत या प्रश्नाची चर्चा केली होती. पुढे त्यांना जेधे घराण्याची शकावली मिळाली व ती भारत इतिहास संशोधक मंडळाच्या चतुर्थ संमेलनवृत्तात १९१६ मध्ये प्रसिद्ध झाली. तीत जन्मतिथी फाल्गुन वद्य तृतीया, शके १५५१ (१९ फेब्रुवारी १६३०) अशी होती. तोवर रूढ असलेल्या शके १५४९ मधील तिथीशी ती जुळत नव्हती. केवळ निष्कर्ष जाहीर न होता मूळ शकावलीच अभ्यासकांपुढे आल्यामुळे तिच्यातील इतर नोंदी स्वतंत्र साधनांशी ताडून पाहता आल्या. नंतर तंजावरहून मिळालेले शिवभारत व जोधपूर येथील कुंडली यांनी तीच तिथी पुष्ट केली. वाद त्यानंतरही दीर्घकाळ चालला, पण तो पुराव्यावर चालला. मोडी कागद छापताना मूळ वाचन व संपादकाची भर यांत फरक दाखविणे, फाटलेली वा न लागलेली अक्षरे तशी नोंदविणे, शुहूर वा हिजरी सन आणि शालिवाहन शक यांचा मेळ कसा घातला ते सांगणे हे सारे पद्धतीच्याच भागात मोडते. ग. ह. खरे यांचा संशोधकाचा मित्र हा ग्रंथ अशा कामासाठी मराठीत पिढ्यान्‌पिढ्या वापरला गेला.

संदर्भ देताना प्रत्यक्ष पाहिलेल्या साधनाचाच निर्देश करावा. दुसऱ्याच्या तळटीपेतून उचललेला संदर्भ त्याच्या चुकीसह येतो. संपादक व परीक्षक प्रत्येक संदर्भ पडताळून पाहतीलच असे नाही, ते लेखकाच्या सचोटीवर विसंबतात. हा विश्वास किती सहज भुलविता येतो याचा एक विनोदी दाखला कोसंबींनीच दिला आहे. अलीगढ येथे असताना आंद्रे व्हेय या फ्रेंच गणितज्ञाच्या सूचनेवरून त्यांनी १९३१ च्या सुमारास बूर्बाकी नावाच्या एका अस्तित्वातच नसलेल्या रशियन गणितज्ञाच्या प्रमेयाचा विस्तार करणारे टिपण लिहिले आणि ते संयुक्त प्रांताच्या विज्ञान अकादमीच्या नियतकालिकात छापून आले. पुढे फ्रेंच गणितज्ञांच्या प्रसिद्ध गटाने हेच टोपणनाव धारण केले. संगणकीय लेखनसाधने कधीकधी अस्तित्वात नसलेले ग्रंथ व निबंध संदर्भ म्हणून पुढे करतात. तेथे विनोदाचा हेतूही नसतो आणि जबाबदारी पूर्णतः लेखकाचीच राहते. अशा साधनास निबंधाचा लेखक म्हणून दाखविता येत नाही, असे प्रकाशननीतीविषयक संस्थांनी स्पष्ट केले आहे.

लेखक कोणास म्हणावे याविषयी वैद्यकीय नियतकालिकांच्या संपादकांनी ठरविलेले निकष अन्यत्रही मानले जातात : कामाची आखणी किंवा सामग्रीचे संकलन वा विश्लेषण यांत भरीव सहभाग, मसुदा लिहिण्यात वा तपासण्यात सहभाग, अंतिम प्रतीस संमती आणि उत्तरदायित्व. विभागप्रमुख म्हणून नाव घालणे यांत बसत नाही. वाङ्‌मयचौर्यासंबंधी आयोगाच्या २०१८ च्या नियमांनी साम्याच्या प्रमाणानुसार श्रेणी ठरविल्या आहेत. १० टक्क्यांपर्यंतचे साम्य दंडनीय नाही, ६० टक्क्यांवरील साम्य सर्वांत गंभीर होय. मात्र संगणक फक्त शब्दांचे साम्य मोजतो. अवतरणचिन्हांत दिलेला कागद तो दोष म्हणून दाखवू शकतो, आणि शब्द बदलून उचललेली कल्पना त्याला दिसत नाही.

तयार झालेले हस्तलिखित एका वेळी एकाच नियतकालिकाकडे पाठवावयाचे असते. सोबतच्या पत्रात निबंधात नवे काय आहे ते दोन-तीन वाक्यांत सांगावे आणि तो अन्यत्र प्रसिद्ध वा विचाराधीन नसल्याचे नमूद करावे. परीक्षकास लेखकाचे नाव कळू न देण्याची पद्धत असल्यास नाव, संस्था व ऋणनिर्देश वेगळ्या पृष्ठावर देतात. अशा वेळी ‘माझ्या पूर्वीच्या निबंधात’ यासारखी वाक्येही बदलावी लागतात. संपादक प्रथम विषय नियतकालिकाच्या कक्षेत बसतो की नाही ते पाहतो; पुष्कळशी हस्तलिखिते येथूनच परत जातात. उरलेली बहुधा दोन वा अधिक परीक्षकांकडे जातात. परीक्षणास काही आठवड्यांपासून वर्षभरापर्यंत काळ लागतो, आणि परीक्षक हे काम बहुतेक ठिकाणी विनामोबदला करतात.

आहे त्याच स्वरूपात निबंध स्वीकारला जाणे दुर्मिळच. सुधारून पुन्हा पाठविण्याची सूचना ही नकार समजून गप्प बसणारे लेखक बरेच असतात. वस्तुतः ती अनुकूल खूण असते. इंडियन मॅथेमॅटिकल सोसायटीचा आरंभ १९०७ चा. तिचे ग्रंथालय सुरुवातीच्या काळात पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात होते. तिच्या नियतकालिकाकडे मद्रासहून श्रीनिवास रामानुजन (१८८७–१९२०) यांचा बेर्नुली संख्यांवरील निबंध आला, तेव्हा त्यातील पायऱ्या इतक्या गाळलेल्या व मांडणी इतकी अपरिचित होती, की संपादक एम्‌. टी. नारायण अय्यंगार यांच्याकडून तो लेखकाकडे पुनःपुन्हा परत गेला. अखेर १९११ मध्ये तो प्रसिद्ध झाला. रामानुजनांचा हा पहिला मोठा निबंध होय. संपादकाने पहिल्याच वेळी हात टेकले असते किंवा लेखकाने अपमान मानला असता, तर भारतीय गणिताची हानी किती झाली असती याचा हिशेब करणे कठीण आहे.

सुधारित प्रतीबरोबर परीक्षकांच्या प्रत्येक मुद्द्याला क्रमवार उत्तर द्यावे. मान्य असेल तेथे कोणत्या पृष्ठावर काय बदलले ते दाखवावे. अमान्य असेल तेथे कारण द्यावे. परीक्षकाचा गैरसमज झाला असेल, तर पुष्कळदा दोष आपल्या वाक्यरचनेत असतो आणि इतर वाचकांचाही तसाच गैरसमज होण्याचा संभव असतो. परीक्षक चुकतातही. दोन परीक्षकांची मते परस्परविरुद्ध असल्यास संपादकाकडून मार्गदर्शन मागणे रास्त होय. नकार आल्यास तोच निबंध जसाच्या तसा दुसरीकडे धाडण्याची घाई करू नये. विषयाचे जाणकार थोडे असल्याने तो पुन्हा त्याच परीक्षकाच्या हाती पडण्याचा संभव असतो.

स्वीकृतीनंतर मुद्रिते तपासण्यासाठी येतात. या टप्प्यावर विचार बदलता येत नाहीत, फक्त चुका दुरुस्त करता येतात. संस्कृत शब्दांच्या रोमन लिप्यंतरातील अक्षरांवरच्या व खालच्या खुणा, कोष्टकांतील आकडे आणि नावे यांकडे विशेष लक्ष द्यावे लागते, कारण मुद्रकाला त्या कळण्याची अपेक्षा नसते. गणित व भौतिकी यांत छपाईपूर्वीच निबंध सर्वांसाठी खुला करण्याची प्रथा १९९१ पासून अर्काइव्ह या संग्रहामुळे रूढ झाली असून पुण्यातील खगोलशास्त्रज्ञही तिचा अवलंब करतात. मानव्यविद्यांत ती अजून विरळ आहे. प्रकाशनानंतर किरकोळ चूक आढळल्यास नियतकालिक शुद्धिपत्र छापते. निष्कर्षच टिकत नसेल किंवा सामग्री बनावट असल्याचे उघड झाले, तर निबंध मागे घेतल्याचे जाहीर केले जाते. अशा वेळी तो संग्रहातून काढून टाकत नाहीत, तर प्रत्येक पृष्ठावर तशी ठळक खूण करून जागच्या जागी ठेवतात.